‘माहीत नाही’ हेही लिहून आण

बाळा,

काल मतदारांच्या पाहणीला गेलीस आणि गोरेगावहून फोन केलास तेव्हा आवाज रडवेला होता. बऱ्याच घरांत खासदाराचं नाव कुणाला सांगता आलं नाही, फॉर्म कोरे दिसतात, म्हणालीस. कोरे नाहीत गं ते. ‘माहीत नाही’ हे उत्तरच आहे, आणि तेच शोधायला आपण उन्हातान्हात फिरतो.

मुंबईत 227 नगरसेवक, 36 आमदार, 6 खासदार. नळाला पाणी नसलं की माणूस नगरसेवकाकडे नाहीतर पक्षाच्या शाखेत जातो. खासदाराशी त्याचं रोजचं काम पडत नाही, मग नाव कुठून आठवणार? मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले, तरी पुढे कितीतरी दिवस लोक मला जुनंच नाव ‘आमचे नगरसेवक’ म्हणून सांगत. मी ते कधी खोडलं नाही. जसं सांगितलं तसं लिहिलं.

आधी नुसतं विचार, ‘तुमचे आमदार कोण?’ आणि गप्प राहा. ती शांतता सहन होत नाही, आपणच नाव पुरवून मोकळे होतो. नाव कानावर पडलं की अख्खी चाळ मान डोलावते. आपणहून आठवलेलं नाव एका रकान्यात, नावांची यादी वाचून दाखवल्यावर ओळखलेलं दुसऱ्यात. यांची सरमिसळ झाली की पाहणी वाया गेली.

कुणी ‘शिवसेना’ म्हणालं तर तेवढ्यावर थांबू नकोस. पक्ष फुटल्यापासून धनुष्यबाण एकीकडे आहे, मशाल दुसरीकडे. चिन्ह विचार. ‘खरी कुठली?’ हे मात्र तुझ्या तोंडून चुकूनही निघता कामा नये.

माझ्या पहिल्या वर्षी अंधेरीतल्या एका टॉवरचा वॉचमन आत सोडेना. मी खालच्या टपरीवरच्या चौघांना विचारून फॉर्म भरले. कागदावर टॉवर होता, मतं टपरीवरची होती. ते मला अजून बोचतं.

‘कोण येणार?’ असं लोक विचारतील. सांगू नकोस. तू फिरतेयस त्याच मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघात 2024 ला निकाल 48 मतांनी लागला. हजार माणसांच्या चांगल्या पाहणीतही तीनेक टक्के इकडचे तिकडे होऊ शकतात. 48 मतं तिला दिसणार कशी? त्याच निवडणुकीत बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या होत्या. मिळाल्या 293.

आणि ज्यांना विचारायचं त्यांच्या यादीत बाईचं नाव असेल तर उत्तर बाईकडूनच घे. नवरा मध्ये बोलला तर ‘दादा, मला ताईंचंच मत लिहायचंय’ एवढं नम्रपणे म्हण, आणि पेन तिच्या बोलण्यावरच चालू दे. तो आत गेल्यावर ती वेगळं काही सांगू लागली तर घाई करू नकोस, पुन्हा पहिल्यापासून विचार.

बंद मिळालेल्या घरांच्या जागी शेजारची घरं घेऊ नकोस. रविवारी सकाळी परत त्याच दारांवर जा.

तुझी,
ताई