पॅलेस्टिनी फिल्मकार इतक्या कमी साधनांत माहितीपट कसे करतात? गावातल्या लोकांना घेऊन तसं काम करायचं तर कॅमेरा कोणता घ्यावा?

कॅमेऱ्याचं एका ओळीत सांगतो. खिशात आहे तो फोन वापरा, १०८०पी आणि २५ फ्रेमवर ठेवा, वाचलेले पैसे हार्ड डिस्क आणि कॉलर माइकवर घाला. आता 'कमी साधनांत' याबद्दल. फिल्म क्लबांतल्या चर्चांमध्ये या शब्दांच्या मागोमाग एक वाक्य हमखास येतं, आणि मी ते वर्षानुवर्षं ऐकत आलोय: 'तिथून येतं ते नुसतं फुटेज, त्याचा सिनेमा बाहेरचा माणूस करतो.' हे साफ चूक आहे. ते का चूक आहे हे समजलं तर काम कसं करायचं हेही समजेल.

बिलीनच्या 'फाइव्ह ब्रोकन कॅमेराज' या माहितीपटाचं उदाहरण घ्या, कारण हे वाक्य सगळ्यात जास्त त्याच फिल्मवर टाकलं जातं. बिलीन हे वेस्ट बँकमधलं, रामल्लाच्या पश्चिमेचं गाव. इमाद बुर्नात तिथला शेतकरी. २००५ मध्ये चौथा मुलगा जिब्रील झाला म्हणून त्याने घरगुती कॅमेरा घेतला, आणि त्याच सुमारास गावाच्या जमिनीतून इस्रायलच्या विभाजक भिंतीचं काम सुरू झालं. दर शुक्रवारी नमाजानंतर गाव मोर्चा काढायचं, इमाद चित्रण करायचा. पुढच्या काही वर्षांत एकामागून एक पाच कॅमेरे फुटले. पहिला अश्रुधुराच्या नळकांड्याने गेला. एकाने गोळी झेलली आणि इमाद वाचला. सप्टेंबर २००७ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने भिंतीचा मार्ग बदलायला सांगितला, प्रत्यक्षात ती सरकली २०११ मध्ये. दरम्यान एप्रिल २००९ मध्ये इमादचा मित्र बासेम अबू रहमा मोर्चात अश्रुधुराचं नळकांडं छातीत लागून मारला गेला.

त्याच वर्षी इमाद हे सगळं घेऊन इस्रायली दिग्दर्शक गाय डेव्हिडीकडे गेला. फिल्म करायची ती गावाच्या लढ्यावर आणि मित्रांवर, असं त्याच्या मनात होतं. रश, म्हणजे न कापलेलं चित्रण, बघताना डेव्हिडीला एक म्हातारा लष्कराची जीप अडवताना दिसला. हा कोण, असं विचारल्यावर इमाद म्हणाला, माझे वडील, जीपमध्ये माझ्या भावाला घातलंय. तिथून फिल्म इमादच्या स्वतःच्या आवाजात गेली. जिब्रीलचं वाढणं हा तिचा काळ झाला आणि एकेक कॅमेरा हे एकेक प्रकरण. 'फाइव्ह ब्रोकन कॅमेराज' २०११ ची, २०१२ मध्ये सनडान्सला दिग्दर्शनाचा पुरस्कार, पुढे ऑस्करचं नामांकन.

'बघा, कल्पना डेव्हिडीचीच', असं क्लबातली मंडळी इथे म्हणतात. पण जीप अडवणाऱ्या वडिलांचा शॉट होता म्हणून ती कल्पना सुचली. जिब्रीलचं पहिलं पाऊल, ऑलिव्हची तोडणी, रात्रीच्या धाडी, मोर्चे, हे सगळं एकाच माणसाने एकाच गावात काही वर्षं टिपलं होतं आणि राखलं होतं. पंधरा दिवसांसाठी आलेल्या युनिटला हे कितीही पैसे टाकून मिळत नाही. कॅमेरा बदलला की चित्राचा पोत बदलतो. एरवी संकलक तो फरक झाकायला धडपडतो, इथे त्यावरच मांडणी उभी राहिली. डेव्हिडीचं श्रेय खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण गाव आधी आणि संकलन नंतर, हा क्रम उलटा करून सांगू नका.

राखण्याची ही सवय आली कुठून तेही बघा. १९६८ मध्ये अम्मानमध्ये सुलाफा जदल्लाह, हानी जौहरिये आणि मुस्तफा अबू अली यांनी पॅलेस्टाईन फिल्म युनिट उभं केलं. हानी १९७६ मध्ये लेबनॉनमध्ये चित्रण करताना मारले गेले. १९८२ मध्ये बैरूतला वेढा पडला आणि तिथला फिल्मसंग्रह नाहीसा झाला. जे वाचलं त्यातलं बरंचसं परदेशांत दाखवायला गेलेल्या प्रतींमुळे. एकाच जागी ठेवलेलं नाहीसं होतं, हा धडा त्या पिढीने फार महागात घेतला.

म्हणून तुमचं खरं काम चित्रण संपल्यावर सुरू होतं. १०८०पी ला फोन तासाला साधारण ८ जीबी खातो, ४के केलं तर अडीच पट. शंभर तास म्हणजे ८०० जीबी, म्हणजे एक टीबीच्या तीन डिस्क, प्रत्येकीवर सगळ्याची पूर्ण प्रत. दोन गावातल्या वेगवेगळ्या घरांत, तिसरी तालुक्याबाहेर. दुसरी प्रत उघडून, मधूनमधून चालवून पाहिल्याशिवाय कार्ड किंवा फोन रिकामा करायचा नाही. फाइल गायब होते ती बहुतेक वेळा इथेच, घाईत. फोल्डरला तारीख, जागा, कोणाचा फोन आणि क्रमांक एवढंच नाव द्या, 'आजीची मुलाखत फायनल २' असलं काही नको. मूळ फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. ती दाबली जाते आणि तारीख-वेळ-जागेची नोंद पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ही नोंद उद्या कोर्टात पुरावा म्हणून लागते. हेब्रॉनमध्ये २४ मार्च २०१६ रोजी जमिनीवर जखमी पडलेल्या पॅलेस्टिनी माणसाला इस्रायली सैनिकाने गोळी घातली, ती इमाद अबू शमसिये या रहिवाशाने टिपली आणि त्या चित्रणामुळे खटला उभा राहिला. बेत्सेलेम ही इस्रायली मानवी हक्क संस्था २००७ पासून वेस्ट बँकमधल्या कुटुंबांना कॅमेरे देत आली, ते याच कामासाठी.

फोनची एक खोड आहे. तो फ्रेमची गती उजेडानुसार कमीजास्त करतो, त्यामुळे वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज दहा मिनिटांनी ओठांपासून सुटायला लागतो. संकलनाआधी सगळ्या फाइल 'हँडब्रेक' या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेमवर काढून घ्या, मूळ तशाच ठेवा. आवाजासाठी दुसरा फोन बोलणाऱ्याच्या खिशात, त्याला कॉलर माइक, ४८ किलोहर्ट्झ, सुरुवातीला एक टाळी. गाझात डोक्यावर ड्रोन सतत घोंघावतात. तो आवाज माणसाच्या आवाजाच्याच पट्ट्यात येतो, खालचा भाग कापून तो जात नाही. तुमच्याकडे ड्रोन नसेल, डिझेल पंप असेल. उपाय एकच, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि पंपाकडे बोलणाऱ्याची पाठ.

लॉगिंग, म्हणजे कुठल्या फुटेजमध्ये काय आहे याची लेखी नोंद, गावातल्याच माणसाने करायचं, यावर मी तडजोड करत नाही. एका तासाच्या फुटेजला तीन-चार तास लागतात. कोण बोलतंय, कोणाबद्दल, मागे दिसतंय ते शेत कोणाचं, हे शहरातल्या सहायकाला कळत नाही आणि तो 'म्हातारा, जीप' एवढंच लिहितो. लेबनॉनच्या पॅलेस्टिनी निर्वासित छावण्यांत डायना ॲलन आणि महमूद झैदान यांनी २००२ पासून नकबा आर्काइव्ह उभं केलं, १९४८ मध्ये घर सुटलेल्यांच्या शेकडो मुलाखती. अशा संग्रहाचा जीव गावांच्या आणि घराण्यांच्या नावांत असतो. 'नो अदर लँड' या माहितीपटातही वेस्ट बँकमधल्या मसाफेर यट्टा या भागातल्या लोकांनी आधी वर्षानुवर्षं केलेलं चित्रण आहे, सहदिग्दर्शक बासेल अद्राच्या लहानपणापासूनचं. ते नसतं तर २०१९ पासूनचं नवीन चित्रण अर्धवट वाटलं असतं.

अपुरं राहिलं तरी टाकू नका. रशीद मशरावी यांनी जमवलेल्या 'फ्रॉम ग्राउंड झिरो' (२०२४) मध्ये गाझातल्या २२ लघुफिल्म आहेत. त्यांतली 'टॅक्सी वनीसा' मध्येच थांबते आणि दिग्दर्शिका इतिमाद वशाह समोर येऊन सांगते की भाऊ आणि त्याची मुलं मारली गेली, त्यामुळे पुढे चित्रण झालं नाही. ती तशीच ठेवली आहे, आणि तशीच ठेवायला हवी होती.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. फोन रात्री आणि लांबून कामाचा नाही. मोर्चे टिपायचे असतील तर झूम असलेला जुना हँडीकॅम मिळवा. बाहेरच्या भागीदाराबरोबर काम करणार असाल तर फुटेज कोणाचं हे पहिल्या दिवशी कागदावर आणा. इस्रायली सहनिर्मितीवरच आक्षेप असलेले पॅलेस्टिनीही आहेत आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. चेहरा दाखवण्याची किंमत दाखवणाऱ्याला मोजावी लागते: 'नो अदर लँड' ला ऑस्कर मिळाल्यावर त्याच महिन्यात, मार्च २०२५ मध्ये, सहदिग्दर्शक हमदान बल्लाल यांना मारहाण झाली आणि सैन्याने ताब्यात घेतलं. आणि तांत्रिक शिक्षणासाठी पॅलेस्टाईनपर्यंत जायची गरज नाही, गोव्यातली व्हिडिओ व्हॉलंटियर्स ही संस्था गावोगावच्या लोकांना हेच शिकवत आली आहे.

कच्चं संकलन झालं की पहिला खेळ गावात करा. रामल्लाची शशात ही संस्था २००५ पासून बायकांनी केलेल्या फिल्म छावण्यांत आणि विद्यापीठांत नेऊन दाखवते, नंतर चर्चा ठेवते. तीन हजार ल्यूमेनचा प्रोजेक्टर, अंधार पडल्यावर, दहा-बारा फुटी पांढरं कापड, लग्नातला स्पीकर एवढं पुरतं. कोणी म्हणालं की हे माझं दाखवू नका, तर त्याच रात्री लॉगमध्ये त्या शॉटपुढे 'वापरू नये' लिहा आणि तिन्ही डिस्कवरची यादी बदला. नाहीतर दोन वर्षांनी संकलन दुसऱ्याच्या हातात गेलं की तो शॉट परत आत येतो.