सायकल शर्यतीचा मार्ग ठरवताना रस्ता कसा आहे हे खरंच बघतात का?

हो, आणि कधी कधी त्यापायी मार्गच बदलतात. फ्रान्समधली पॅरिस-रूबे घ्या. तिच्यात जवळपास 55 किलोमीटर ओबडधोबड दगडी रस्ता असतो आणि प्रत्येक टप्प्याला लांबी, खडबडीतपणा, अवस्था बघून एक ते पाच तारे देतात, पाच म्हणजे सगळ्यात अवघड. आरेनबर्गच्या जंगलातला पाच ताऱ्यांचा टप्पा 2005 मध्ये इतका खराब झाला होता, की चक्क वगळला. 2024 मध्ये त्याच्या तोंडाशी मुद्दाम वळण घातलं, कारण सायकलपटू सुसाट येऊन थेट दगडांवर आदळायचे. फटींतलं गवत खायला त्या वर्षी शेळ्याही सोडल्या होत्या! फक्त एक, या ताऱ्यांत पावसाचा हिशेब नसतो. दगडांवर चिखल आला की तीन ताऱ्यांचा टप्पाही भल्याभल्यांना पाडतो.