आजीची जपमाळ आणि मैत्रिणीचे महाराज

प्रश्न : आजीने एरंडवण्यातल्या वासुदेव निवासात गुलवणी महाराजांकडून दीक्षा घेतली होती. ती गेल्यावर तिची जपमाळ माझ्याकडे आली, पण मंत्र तिने कधीच कोणाला सांगितला नाही. सासूबाई म्हणतात, गुरू केल्याशिवाय जप फळत नाही. ऑफिसमधली मैत्रीण मला बाणेरला एका महाराजांकडे घेऊन गेली. तिथे दीक्षेचे पैसे आधी ऑनलाइन भरायचे, आणि ‘सध्या घरी काही बोलू नका’ असं सांगतात. आजीच्या परंपरेत मी आपोआप येते का? की इथे दीक्षा घेऊन टाकू?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : आपोआप नाही येत. आजीच्या पाटल्या वारसाहक्काने मिळतात, दीक्षा मिळत नाही. ज्ञानेश्वरांच्या घरातच बघा. विठ्ठलपंतांनी काशीला संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेनेच ते पुन्हा संसारात आले. पण मुलांची परंपरा त्या गुरूंची नाही. निवृत्तिनाथांना ब्रह्मगिरीवर गहिनीनाथ भेटले, आणि निवृत्तिनाथांनी ते धन धाकट्या भावाला दिलं. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण करताना माउली थेट शंकरापासून सुरुवात करून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी नावं घेतात. त्या ओळीत वडील नाहीत.

शाळेत संस्कृत शिकवत होते तेव्हापासूनची माझी एक आवडती जागा सांगते. बृहदारण्यक उपनिषदात गुरुशिष्यांच्या लांबलचक याद्या आहेत, त्यांना ‘वंश’च म्हणतात. शेवटच्या यादीत बहुतेक आचार्य आईच्या नावाने येतात : पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र, गौतमीपुत्र. वर्गात ही यादी वाचली की मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा माना वर करायच्या.

आणि आजीच्या परंपरेबद्दल बोलताय, तर हेही लक्षात घ्या. गुलवणी महाराज शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांचे गुरू टेंबे स्वामी, म्हणजे वासुदेवानंद सरस्वती. शक्तिपाताची, म्हणजे गुरू शिष्यातली शक्ती जागवतो ती, दीक्षा मात्र त्यांना लोकनाथतीर्थांकडून मिळाली. एकाच माणसात दोन धारा आल्या आणि त्यांनी दोन्ही सांभाळल्या. तुम्हाला आजीच्याच वाटेने जायचं असेल तर वासुदेव निवास आजही तिथेच आहे. जाऊन विचारा. पण आजीची आठवण येते म्हणून दीक्षा घ्यायची असेल, तर जरा थांबा.

आता बाणेर. मला ते महाराज ठाऊक नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी काही बोलत नाही; तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींविषयी बोलते.

मंत्र गुप्त ठेवायची चाल जुनी आहे, तुमच्या आजीनेही तेच केलं. पण आजी दीक्षा घेऊन आलीय हे घरात सगळ्यांना माहीत होतं ना? म्हणून तर तुम्ही मला लिहू शकलात. मंत्र झाकणं वेगळं आणि माणूसच घरापासून झाकणं वेगळं. दुसऱ्यात मला काळजी वाटते.

पैशांचं म्हणाल तर दक्षिणेला कोणी नाही म्हणत नाही. पण क्रम बघा. त्याच बृहदारण्यकात जनकराजा याज्ञवल्क्यांना पुन्हा पुन्हा हजार गायी देऊ करतो, आणि ते दर वेळी म्हणतात : पुरतं शिकवल्याशिवाय काही घेऊ नये, असं माझ्या वडिलांचं मत होतं. इथे तर शिकवण्याआधीच क्यूआर कोड पुढे येतो!

समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षण सांगितलं आहे. जे शिष्याला साधनाला लावत नाहीत, इंद्रियदमन करवत नाहीत, असे गुरू ‘आडक्याचे तीन’ मिळाले तरी टाकावेत, म्हणतात. आडका म्हणजे अगदी हलकं नाणं. त्याच्या पुढच्याच समासात शिष्यालाही सोडलेलं नाही, तोही वाचा, जरा झोंबेल. तर मैत्रिणीबरोबर पुन्हा गेलात तर दोनच गोष्टी विचारा : महाराज, आपले गुरू कोण? आणि मला रोज करायला काय देणार? पहिल्याला ‘मी स्वयंभू’ असं उत्तर आलं, तर चप्पल घालून बाहेर पडा. परंपरेचा मला दिसणारा मोठा उपयोग हाच : गुरूच्या डोक्यावरही कोणीतरी बसलेलं असतं, त्याला विचारणारं.

सासूबाईंना सांगा, नामाला दीक्षेची अट नाही. आजीच्या माळेवर ‘रामकृष्णहरी’ म्हणा. आजीचा मंत्र आजीबरोबर गेला, तो शोधू नका. मी स्वतः कोणाचा अनुग्रह घेतलेला नाही, आणि माझ्या सासूबाईही तुमच्या सासूबाईंसारखंच म्हणायच्या.

प्रश्न : वडील माळकरी आहेत, दर वर्षी आळंदीहून पायी वारी करतात. पण तुमची गुरुपरंपरा कोणती, असं विचारलं की हसतात. वारकऱ्यांना परंपरा नसते का?
– हडपसर

उत्तर : असते, आणि ते ती गातात, म्हणून वेगळी सांगायची गरज त्यांना वाटत नसावी. भजनी मालिकेत गुरुपरंपरेचे अभंग काढून बघा. ‘सत्य गुरुराये कृपा मज केली’ या अभंगात तुकोबा राघवचैतन्य, केशवचैतन्य आणि बाबाजी ही नावं सांगतात. माघ शुद्ध दशमीचा गुरुवार सांगतात, आणि उपदेश स्वप्नात झाला हेही सांगतात. शिवाय मिळालेला मंत्र सरळ अभंगातच घालून टाकतात. तुकोबांनी स्वप्नातच उपदेश केलेल्या बहिणाबाईंनी पुढे आदिनाथांपासून, म्हणजे शंकरापासून, तुकोबांपर्यंतची साखळी एका अभंगात ओवली. ब्राह्मण घरातल्या बाईने तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याने काय काय केलं, तेही त्यांच्याच अभंगांत आहे.

वडिलांना प्रश्न जरा बदलून विचारा. माळ कोणाच्या हातून घातली, आणि कितव्या दिंडीत चालता, रथापुढे की रथामागे? मग हसणार नाहीत, बोलायला लागतील. वेळ काढून बसा.