मॅनेजर कडक आहे म्हणून खूश होऊ नकोस

भावा, तुमच्या बँडचा मॅनेजर दरडावून पैसे वसूल करतो हे भारी वाटतंय ना, पण तोच आवाज उद्या तुमच्यावर चढणार. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा मॅनेजर डॉन आर्डेन बघ, त्याला पॉपमधला अल कपोन (अमेरिकेतला कुख्यात गुंड) म्हणायचे, बँडने 1979 ला गायक ऑझी ऑस्बोर्नला काढलं, मग आर्डेनच्याच मुलीने, शॅरनने, ऑझीचं मॅनेजरचं काम हातात घेतलं आणि बाप-लेकीत जवळपास 20 वर्षं बोलणं बंद, सख्ख्या मुलीशी असं तर तू कोण? आमच्या ड्रमरने एकदा हिशोब मागितला तर मॅनेजरने त्याला रात्री दोनला हायवेवर व्हॅनमधून उतरवला, सिंबलच्या बॅगेसकट. सही करायच्या आधी कमिशन किती, खर्च वजा करून की आधीच, सोडायचं तर नोटीस किती दिवसांची, सगळं लिहून घे. आणि बँकेचं खातं बँडच्याच नावावर ठेव.