वाचकांचे प्रश्न: तरुण कलावंत आणि राष्ट्रीय पुरस्कार

प्रश्न : वय 31, तबलावादक. उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कारासाठी अर्ज कुठे मिळतो? (सातारा)

परीक्षेच्या फॉर्मसारखा अर्ज भरून हा पुरस्कार मिळत नाही. दिल्लीची संगीत नाटक अकादमी 2006 पासून संगीत, नृत्य, नाटक, लोक व आदिवासी कला आणि कळसूत्री बाहुल्या या क्षेत्रांतल्या चाळिशीच्या आतल्या कलावंतांना तो देते. नावं शिफारशीतून पुढे येतात. अकादमीचे फेलो (तिचा सर्वोच्च सन्मान मिळालेले कलावंत), पूर्वीचे पुरस्कारविजेते, महापरिषदेचे सदस्य, राज्यांच्या अकादमी आणि जाणकार संस्था नावं सुचवतात, अंतिम निर्णय महापरिषद करते. त्या त्या वर्षी कुणाच्या शिफारशी मागवल्या आहेत आणि मुदत काय, हे अकादमीच्या संकेतस्थळावरच्या सूचनेत पाहावं.

तुमच्या हातात एवढंच, की शिफारस करणाऱ्याला कागद तयार मिळावेत. दोन पानांचा परिचय पुरे. जन्मतारीख पुराव्यासह, गुरू कोण आणि त्यांच्याकडे कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत शिकलात, घराणं, आकाशवाणीची श्रेणी असल्यास ती, आणि मागच्या पाच-सहा वर्षांतले कार्यक्रम तारीख, गाव व आयोजकासह. ‘देशविदेशात असंख्य कार्यक्रम’ हे वाक्य काढून टाका, त्यातून काहीच कळत नाही.

तबलजींची हमखास होणारी चूक ध्वनिमुद्रणात असते. मोठ्या गायकाच्या साथीचा व्हिडिओ पाठवला जातो. त्यात माईक गायकावर आणि डग्गा ऐकूही येत नाही. निदान एक मुद्रण स्वतंत्र वादनाचं हवं. लेहरा (तबल्यासोबत तालाचं आवर्तन धरून ठेवणारी धून) साधा, पेशकारापासून कायदा, रेला, गत-तुकड्यांपर्यंत सलग, मध्ये कात्री न लावता. वीस मिनिटं पुरतात. साथीचं मुद्रण दुसरं म्हणून जोडा, कारण साथ हीही स्वतंत्र विद्या आहे आणि ऐकणाऱ्याला ती दिसली पाहिजे.

प्रश्न : पुरस्कार 2021 चा आणि समारंभ 2023 मध्ये, असं कसं? आणि रक्कम किती? (नागपूर)

पुरस्कारावरचं साल आणि प्रदानाचं साल यांत अंतर पडतं. कोविडच्या काळात तर 2019, 2020 आणि 2021 असे तीन वर्षांचे युवा पुरस्कार नोव्हेंबर 2022 मध्ये एकदम जाहीर झाले, 102 कलावंतांना. प्रदान फेब्रुवारी 2023 मध्ये झालं. त्यामुळे परिचयात लिहिताना पुरस्काराचं साल लिहायचं, समारंभाचं नाही.

रक्कम 25,000 रुपये. अकादमीच्या मुख्य पुरस्काराची 1 लाख आणि फेलोशिपची 3 लाख. पैशांच्या हिशेबाने पाहिलं तर संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती जड आहे: वय 18 ते 25, महिना 5,000 रुपये, दोन वर्षं, म्हणजे 1,20,000. त्यासाठी मात्र स्वतः अर्ज करायचा असतो, गुरूकडे किमान पाच वर्षं शिकल्याचा दाखला लागतो आणि तज्ज्ञांसमोर सादरीकरण करावं लागतं. पंचविशी उलटलेल्यांसाठी मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप आहे, 40 वर्षांपर्यंत, महिना 10,000, तीही दोन वर्षं. तिला मात्र नुसता रियाज चालत नाही, कामाचा नेमका प्रकल्प लिहून द्यावा लागतो. साताऱ्याच्या वाचकांनीही हिच्याकडे आधी पाहावं.

प्रश्न : मी दशावतारात स्त्रीपार्ट करतो, वय 37. आमच्याकडे प्रमाणपत्रं नाहीत, विशारद नाही. आमचं नाव कुणी घेईल का? (कुडाळ तालुका)

लोककलांचा विभाग या पुरस्कारात पहिल्यापासून आहे आणि तिथे पदवी कुणी विचारत नाही. अडचण वेगळीच आहे. जत्रेच्या खेळाची नोंद कुणी ठेवत नाही. रात्री अकरा-बाराला उभा राहिलेला खेळ पहाटे संपतो, मंडळ दुसऱ्या गावाला जातं, आणि वीस वर्षांचं काम फक्त प्रेक्षकांच्या डोक्यात उरतं.

आजपासून वही घाला: तारीख, गाव, देवस्थान, आख्यान, तुमची भूमिका. मागच्या दोन-तीन हंगामांचं मंडळाच्या मालकांकडून लिहून घ्या. देवस्थान समिती किंवा ग्रामपंचायत यांचं पत्र ‘उत्कृष्ट कलाकार’ असं मोघम नको. ‘अमुक साली जत्रेत अमुक आख्यानात अमुक भूमिका केली’ असं हवं. भूमिका कुणाकडून उचलली ते जरूर लिहा. लोककलेत गुरुपरंपरा हीच पदवी.

व्हिडिओ काढताना दोन चुका होतात. एक, मोबाइल पहिल्या रांगेतून धरतात, मग पायपेटी आणि झांजेत संवाद बुडतात. मोबाइल स्टँडवर मधोमध ठेवा, आवाजाचा वेगळा रेकॉर्डर रंगमंचाजवळ. दोन, सुंदर दिसणारा नाचाचा तुकडाच तेवढा ठेवतात. दशावतारात संवाद आयत्या वेळी रचले जातात, तीच तर कसोटी. दोन पात्रांचा एक संपूर्ण प्रवेश तोडमोड न करता ठेवा.

वय 37 आहे, म्हणून थांबू नका. लोककलेच्या अभ्यासकांना आणि पूर्वी पुरस्कार मिळालेल्यांना कागद दाखवा. गोव्यात खेळ करत असाल तर कला अकादमीतल्या जाणकारांनाही.

प्रश्न : मुलगी 13 वर्षांची, कथक शिकते. एका संस्थेने 4,500 रुपये प्रवेशफी भरल्यास ‘राष्ट्रीय पुरस्कार’ देऊ असं कळवलंय. भरावे का? (ठाणे)

नको. ‘राष्ट्रीय’ हा शब्द कुणीही ट्रॉफीवर छापू शकतो. जो पुरस्कार विकत मिळतो तो पुढे परिचयात लिहिला तरी जाणकार त्यावरून नजर पुढे सरकवतात. स्पर्धेची माफक प्रवेशफी ही वेगळी गोष्ट, तिथे परीक्षक कोण आणि निकाल आधीच ठरलेला नाही ना, एवढं पाहा.

तिच्या वयाला सरकारी मार्ग दोन. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची सांस्कृतिक गुणवत्ता शिष्यवृत्ती 10 ते 14 वयासाठी आहे, म्हणजे तुमच्याकडे फार वेळ नाही. दुसरा प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार, 18 वर्षांपर्यंत. त्यात कला व संस्कृती हा विभाग आहे आणि पालक स्वतः सरकारच्या पुरस्कार पोर्टलवर नाव नोंदवू शकतात. मात्र तिथे अपवादात्मक काम अपेक्षित असतं, चांगली विद्यार्थिनी असणं पुरत नाही. आधी शिष्यवृत्तीचाच अर्ज करा.

मुद्रण करताना कॅमेऱ्यात पावलं पूर्ण दिसावीत आणि घुंगरांचा आवाज पार्श्वसंगीतात दबू नये. पढंत, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणणं, तिने स्वतः करावी. तेरा वर्षांच्या मुलीकडून तीनतालात थाट, आमद, तोडे-तुकडे आणि एक गतनिकास नीट झाला तरी पुष्कळ. पंचवीस चक्करांची घाई नको.