धुळ्याकडे धाब्याचं घर आहे, दोन भांड्यांच्या चुलीला धुराड्याचा पाइप किती इंची घ्यावा?

आतून ४ इंची पाइप घ्या आणि तो शक्यतो सरळ, धाब्याच्या वर किमान २-३ फूट न्या. ३ इंचीही चालतो असं गवंडी सांगतात, पण ४ इंचीचं आतलं क्षेत्रफळ त्याच्या जवळपास पावणेदोन पट भरतं. आपल्याकडे चुलीत पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या जळतात. काजळी धरली की ३ इंची पाइप लवकर अडतो आणि धूर उलटा घरात येतो. पण म्हणून थेट ६ इंचीही घेऊ नका. त्यात धूर रेंगाळतो, गार होतो, ओढ कमी पडते. ओढ मिळते ती उंचीमुळे आणि आतला धूर बाहेरच्या हवेपेक्षा गरम असल्यामुळे. वळण द्यावंच लागलं तर ९० ऐवजी ४५ अंशांचं द्या, आणि तळाशी काजळी काढायला झाकणाचं तोंड ठेवाच. पीव्हीसी नको. अॅस्बेस्टॉस सिमेंटचा तर नकोच, कापताना त्याचे तंतू छातीत जातात.

एक मात्र बघा: पत्र्याचा उघडा पाइप धाब्याच्या लाकडी कड्यांपासून दीड फूट लांब हवा. तेवढी जागा नसेल तर मातीच्या किंवा विटांच्या भिंतीतून बाहेर काढून वर न्या. बाहेरचा पाइप गार पडल्यामुळे थंडीत ओढ थोडी कमी पडेल, पण आगीचा धोका टळेल.