ऑर्काची हुशारी की उपजत सवय?

प्रश्न : ऑर्का (म्हणजे किलर व्हेल, डॉल्फिनच्याच कुळातला मोठा प्राणी) लाट उठवून बर्फावरचा सील पाण्यात पाडतात असा व्हिडिओ पाहिला आणि थक्क झाले. पण मोठा भाऊ म्हणतो यात हुशारी कसली, मुंग्यापण मिळून मेलेला किडा ओढत नेतात. मला पटत नाहीये, पण उलट काय बोलू तेही सुचत नाहीये. आणि डॉल्फिनचा मेंदू आपल्यापेक्षा मोठा असतो हे खरं का?

उत्तर : तुमच्या भावाचा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नाहीये बरं का. नुसतं मिळून काम केलं म्हणजे डोकं आहे असं होत नाही, मुंग्यांचं उदाहरण त्याने बरोबर धरलंय. पण मग त्याला एक विचारा, एका जातीच्या मुंग्या इथून उचलून तिकडे नेल्या तरी त्यांची कामाची पद्धत तीच राहते ना? ऑर्कांचं तसं नाही, आणि सगळी गोम इथेच आहे.

तुम्ही पाहिलेली लाटेची युक्ती अंटार्क्टिकातल्या ऑर्कांची. आधी पाण्याबाहेर डोकं काढून बर्फावर कोण बसलंय ते बघतात, मग लांब जाऊन एका ओळीत येतात आणि सगळ्या एकदम जोरात बर्फाकडे पोहत सुटतात, त्याने जी लाट उठते ती सीलला तरी धुऊन नेते नाहीतर बर्फाचे तुकडे तरी करते, आणि नाही जमलं तर परत पहिल्यापासून सुरू. नॉर्वेच्या ऑर्का वेगळंच करतात, त्या हेरिंग माशांना चहूबाजूंनी घेरून गोळा करतात आणि शेपटीचा फटका मारून बधिर करतात. अर्जेंटिनात वाल्डेस द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर तर काही ऑर्का सरळ वाळूवर चढून सी लायनची (सीलसारखाच प्राणी) पिल्लं पकडतात, मग अंग घुसळत परत पाण्यात. तिथे अडकलं की जीव जाऊ शकतो, त्यामुळे लहान ऑर्का हे मोठ्यांबरोबर राहून वर्षानुवर्षं शिकतात. थोडक्यात प्राणी तोच, पण ज्या घरात वाढला तिथली युक्ती उचलतो.

आता कोणी म्हणेल की जागा बदलली, भक्ष्य बदललं म्हणून पद्धत बदलली, शिकण्याचा काय संबंध. त्यावर माझ्या मते सगळ्यात भारी पुरावा हंपबॅक व्हेलचा आहे. हे व्हेल माशांच्या खालून बुडबुडे सोडून जाळं तयार करतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण १९८० मध्ये अमेरिकेच्या मेनच्या आखातात एक हंपबॅक बुडबुडे सोडण्याआधी पाण्यावर शेपूट आपटताना दिसला, त्याआधी असं कोणी पाहिलं नव्हतं. त्याच सुमारास तिथले हेरिंग खूप कमी झाले होते आणि सँड लान्स नावाचे बारीक मासे वाढले होते. पुढच्या २७ वर्षांत ही नवी पद्धत तिथल्या एक तृतीयांशाहून जास्त व्हेलनी उचलली. २०१३ मध्ये या नोंदींचा अभ्यास छापून आला, त्यात असं निघालं की जे व्हेल शेपूट आपटणाऱ्यांच्या सोबत जास्त राहिले तेच हे जास्त शिकले. त्याच आखातात, तेच मासे खाऊन बाकीचे नाही शिकले! मुंग्यांमध्ये असं काही दाखव म्हणावं भावाला.

डॉल्फिनचंही थोडं सांगतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या 'सीडर की' नावाच्या ठिकाणी बॉटलनोज डॉल्फिनच्या गटात एक जण मासे हाकत आणतो आणि बाकीचे भिंतीसारखे उभे राहतात, आणि हाकणारा दर वेळी तोच असतो. आणि ब्राझीलच्या लागुना गावात तर डॉल्फिन बोई मासे हाकत किनाऱ्याकडे आणतात, कोळी कमरेइतक्या पाण्यात जाळी घेऊन थांबलेले असतात, डॉल्फिनने विशिष्ट प्रकारे उसळी मारली की जाळी पडलीच, आणि जाळ्यामुळे भांबावून पांगलेले मासे डॉल्फिनला आयते मिळतात. शंभराहून जास्त वर्षं चाललंय हे. पण तिथलेही सगळे डॉल्फिन कोळ्यांबरोबर येत नाहीत, काही ठरावीकच येतात.

फक्त व्हिडिओत मागून आवाज येतो ना, 'आता म्होरकी इशारा देते' वगैरे, तो मसाला समजा. त्या मनात काय ठरवतात ते कॅमेऱ्यात दिसत नाही.

मेंदूचं म्हणाल तर हो, बॉटलनोजचा साधारण दीड किलोच्या वर भरतो, आपला १.३ ते १.४ किलो. पण स्पर्म व्हेलचा जवळजवळ ८ किलो असतो, आणि तो आपल्या सहापट हुशार आहे असं कोणी म्हणत नाही, कारण अंगही तेवढंच अवाढव्य. त्यामुळे भावाशी वाद घालताना मेंदूचं वजन काढू नका, तो लगेच हत्ती पुढे करेल.